थकलेली बिलं (लघुउद्योग)

छोट्या कारखानदाराने माल पोचवला, बिल टाकलं, समोरच्या पार्टीने माल वापरूनही टाकला, पण पैसे मुदतीत आले नाहीत, अशा येण्याला थकलेलं बिल म्हणतात. लघुउद्योगांच्या अडचणी म्हटलं की कर्ज मिळत नाही, वीज महाग, मशीन जुनी, कामगार टिकत नाही ही यादी सगळेच म्हणून दाखवतात आणि ती काही खोटी नाही, पण भोसरी, सातपूर नाहीतर वाळूजच्या एखाद्या शेडमध्ये जरा वेळ बसलात तर बोलणं फिरून फिरून 'पेमेंट अडकलंय' इथेच येतं. ऑर्डर नाहीत म्हणून युनिट बंद पडलं हे सगळ्यांना कळतं, पण हातात ऑर्डर असताना रोकड संपून बंद पडणारी युनिटंही असतात, आणि ते बाहेरच्या माणसाला पटकन पटत नाही.

पैसा अडकतो तो असा. कच्चा माल देणारा मोठा व्यापारी, तो छोट्याला फार दिवस उधार ठेवत नाही. कामगाराचा पगार, लाइट बिल, बँकेचा हप्ता हे थांबत नाहीत. माल घेणारी कंपनी मात्र पीओवरच (खरेदीच्या ऑर्डरवरच) 60 नाहीतर 90 दिवस लिहिते, आणि हे दिवस पुष्कळदा बिलाच्या तारखेपासून नाही तर त्यांच्या गेटवर माल जमा झाल्याची नोंद पडली की मोजायला लागतात. मग क्यूसीत म्हणजे माल तपासणीत माल अडकतो, दरात फरक आहे म्हणून पैसे कापल्याची डेबिट नोट येते, अकाउंट्सवाले साहेब रजेवर असतात, आणि 90 चे 120 कधी झाले ते कळतही नाही.

आता हिशोब धरू. 10 लाखाचं बिल, त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे येणं 11 लाख 80 हजार. खरेदीवर आधीच भरलेला जीएसटी (इनपुट क्रेडिट) वजा करून उरलेला जीएसटी पुढच्या महिन्यात भरावाच लागतो, पार्टीने पैसे दिलेत का ते सरकार विचारत नाही. ही रक्कम 90 दिवस अडकली आणि तेवढा पैसा सीसीमधून, म्हणजे बँकेच्या कॅश क्रेडिट खात्यातून, वर्षाला 11 टक्क्यांनी उचलला तर नुसतं व्याजच 32 हजाराच्या आसपास जातं. बरं, 90 दिवसांच्या वरचं येणं बँका साधारणपणे ड्रॉइंग पॉवरमध्ये, म्हणजे सीसीतून किती उचलता येईल त्या हिशोबात, धरत नाहीत, म्हणजे पार्टी जितकी उशीर करणार तितकी लिमिटही खाली येणार. सरळ बोलायचं तर मोठ्या कंपनीचं खेळतं भांडवल छोटा माणूस पुरवतोय, तेही बिनव्याजी.

इचलकरंजीत हे वेगळ्या रूपात दिसतं. तिथे पहिला यंत्रमाग 1904 मध्ये विठ्ठलराव दातारांनी आणला, नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांच्या संस्थानाचा त्याला आश्रय होता, आणि पुढे घरोघरी माग झाले. स्वतः सूत घ्यायचं, सायझिंगला (सुताला खळ लावायला) द्यायचं, कापड विणून व्यापाऱ्याला विकायचं तर मधल्या सगळ्या उधारीचा भार पेलायला भांडवल लागतं. ते नसेल तर यंत्रमागधारक खर्चीवाला होतो, म्हणजे व्यापाऱ्याचं सूत घेऊन 'पिका'च्या (कापडातल्या आडव्या धाग्यांच्या) दराने मजुरीवर विणून देतो. सुताचा भाव वरखाली झाला तर ती जोखीम व्यापाऱ्याची, हे चांगलंच, पण नफाही त्याचाच आणि मजुरीचा दर ठरवताना वजन त्याचंच.

कायदा नाही असं नाही, कागदावर तर चांगलाच कडक आहे. 2006 च्या एमएसएमईडी (सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योग विकास) कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगाला लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत, करार नसेल तर 15 दिवसांत पैसे द्यायचे. चुकलं तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. दाद मागायला राज्याची सुविधा परिषद आहे, ती अशा थकबाकीचे वाद ऐकते, ऑनलाइन अर्जासाठी 2017 मध्ये समाधान पोर्टल आलं, आणि परिषदेच्या निवाड्याला कोर्टात आव्हान द्यायचं तर कंपनीला आधी 75 टक्के रक्कम भरावी लागते. मध्यम उद्योगाला मात्र हे संरक्षण नाही, आणि व्यापाऱ्यांनाही नाही, त्यांची उद्यम नोंदणी (लघुउद्योग म्हणून सरकारी नोंद) 2021 मध्ये पुन्हा सुरू झाली तरी ती बँकेच्या प्राधान्य कर्जापुरतीच.

एवढं असून अर्ज करायला माणूस कचरतो, कारण तक्रार केली की व्याज मिळेल पण पुढची ऑर्डर जाईल, आणि निम्मा धंदा त्याच एका कंपनीवर असेल तर कोण करणार? म्हणून सरकारने दुसरी वाट धरली. आयकर कायद्यात 43बी(एच) हे कलम आणलं, 1 एप्रिल 2024 पासून लागू, म्हणजे मार्च 2024 ला संपणाऱ्या वर्षाच्या हिशोबापासूनच. सूक्ष्म किंवा लघु पुरवठादाराला मुदतीत पैसे दिले नाहीत तर खरेदीदार कंपनीला तो खर्च त्या वर्षी उत्पन्नातून वजा मिळत नाही, प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षी मिळतो. तक्रार न करता दबाव येतो, कल्पना छान. पण त्या मार्चच्या तोंडावर सुरतेच्या कापड बाजारात ऑर्डरी रद्द होतायत, माल परत येतोय अशी ओरड झाली, आणि काही खरेदीदार चक्क उद्यम नोंदणीच रद्द करा म्हणायला लागले. ज्या बाजारात सगळेच उधारीवर चालतात तिथे एकालाच 45 दिवसांत बांधलं की असंच होणार.

तिसरा मार्ग ट्रेड्सचा, म्हणजे थकलेली बिलं ऑनलाइन वटवून घ्यायचा. मेक्सिकोत नासिओनाल फिनान्सिएरा या सरकारी बँकेने 2001 मध्ये पुरवठादारांची बिलं ऑनलाइन वटवायची सोय केली होती, भारतात त्याच धर्तीवर 2017 पासून आरएक्सआयएल, एमवनएक्स्चेंज, इन्व्हॉइसमार्ट ही प्लॅटफॉर्म सुरू झाली. बिल अपलोड करायचं, कंपनीने मान्य करायचं, मग बँका बोली लावतात आणि पैसे लगेच मिळतात. कंपनीने पुढे बुडवले तरी बँक पुरवठादाराच्या मागे लागत नाही, आणि व्याजाचा दर कंपनीची पत पाहून ठरतो म्हणून स्वस्तही पडतो. 250 कोटींच्या वर उलाढाल असलेल्या कंपन्यांना नोंदणी आता सक्तीची आहे, आधी ही मर्यादा 500 कोटी होती. गोम एवढीच की नोंदणी सक्तीची आहे, बिल मान्य करणं नाही. अकाउंट्समधल्या माणसाने ॲक्सेप्टचं बटण दाबलं नाही तर बिल नुसतं स्क्रीनवर पडून राहतं, आणि पुरवठादार परत फोन लावत बसतो.