पिकअपवरचं विनियर आणि गोव्याची दमट हवा

बास गिटारच्या पिकअपचं (तारांखालच्या चुंबक आणि वेटोळ्याच्या भागाचं) काळं प्लास्टिक झाकण, बटणांची कंट्रोल प्लेट किंवा ट्रस रॉडचं (मानेतल्या धातूच्या सळईचं) झाकण यांवर सागवान, शिसव किंवा फणसाचं अर्धा मि.मी. जाडीचं विनियर, म्हणजे लाकडाचा पातळ पापुद्रा, चढवलं की वाद्याचं रूपच पालटतं. आवाज मात्र तोच राहतो. पोलादी तार थरथरली की पिकअपच्या चुंबकीय क्षेत्रात बदल होतो आणि त्यातून वेटोळ्यात वीज निर्माण होते. त्या क्षेत्राला लाकूड आणि हवा सारखीच.

खरा प्रश्न चिकटवलेलं विनियर टिकण्याचा आहे. जुलैत गोव्याच्या हवेची आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर जाते, तेव्हा उघड्या लाकडातलं पाणी १७-१८ टक्क्यांवर पोचतं. कोरड्या दिवसांत ते ११-१२ वर येतं. एवढ्या फरकाने सागवान रेषांच्या आडव्या दिशेने साधारण एक टक्का आकसतं, रेषांच्या दिशेने जवळजवळ नाहीच. जॅझ बास या बास गिटारच्या प्रकारात पिकअपचं झाकण सुमारे ९५ मि.मी. लांब आणि १८ मि.मी. रुंद असतं. रेषा आडव्या ठेवल्या तर लांबीत सुमारे १ मि.मी. ओढ बसते, लांबीला समांतर ठेवल्या तर रुंदीत जेमतेम ०.२ मि.मी. म्हणून रेषा नेहमी लांबीच्या दिशेनेच. आडव्या रेषा दिसायला कितीही सुरेख असल्या तरी मोह टाळावा. पावसात फुगलेलं विनियर चिकटवलं तर जानेवारीत ते तडकतं, आणि तडा पुन्हा सांधत नाही. चिकटवण्याआधी ते दोन दिवस एसीच्या खोलीत ठेवावं.

झाकण पिकअपवरून काढूनच काम करा. आतली तार केसासारखी, ०.०६ मि.मी.ची असते, धक्क्याने तुटते. झाकणाचा वरचा पृष्ठभाग १२० नंबरच्या पॉलिश पेपरने खरवडून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. थिनर नको, तो प्लास्टिक विरघळवतो. सुताराचा पांढरा गोंदही इथे चालत नाही, कारण गुळगुळीत प्लास्टिकला तो धरत नाही. इस्त्रीने चिकटवण्याची रीत तर विसराच. उष्णतेने झाकण वाकतं. संथ सुकणाऱ्या इपॉक्सीचा पातळ थर द्या, विनियर चारी बाजूंनी ५ मि.मी. मोठं ठेवा, वर प्लास्टिकचा कागद घालून दोन सपाट फळ्यांत चोवीस तास दाबा. शिकंजा फार आवळला तर गोंद बाहेर निसटतो आणि मधे पोकळी राहते.

वाढलेली कड घासताना कानस विनियरकडून झाकणाकडेच न्यावी. उलट नेली की कड उचलली जाते. चुंबकांच्या खांबांसाठी भोकं आतून पाडा, विनियरच्या बाजूला लाकडाचा तुकडा दाबून धरा, म्हणजे चिरफळ्या उडत नाहीत. गोलाकार बाजूंवर विनियर वळत नाही. त्या काळ्याच राहू द्याव्यात.

धातूच्या कंट्रोल प्लेटवर विनियर फक्त वरच्या अंगाला लावावं. व्हॉल्यूम आणि टोनच्या पॉटचं (बटणांखालच्या फिरत्या भागांचं) अर्थिंग बहुधा प्लेटच्या खालच्या पृष्ठभागातून होतं. तिथे गोंद गेला तर घरघर सुरू होते.

शेवटी चपडा पॉलिशचे पातळ हात द्या. भोकांच्या कडांना दोन हात जास्त, कारण तंतूंची उघडी तोंडं सर्वांत जास्त पाणी पितात. पावसाच्या दिवशी स्पिरिट उडताना थर गार पडतो, त्यावर हवेतली वाफ जमते आणि पांढरट झाक उरते. जोडणी झाल्यावर शेवटच्या फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्टीवर) तार दाबून जोरात छेडा. झाकणाला लागत असेल तर पिकअप स्क्रूने किंचित खाली घ्या.