मिटल्या डोळ्यांपुढचे काजवे: अपोलोच्या अंतराळवीरांना काय दिसलं होतं?

जुलै १९६९. चंद्रावरून परतलेले अपोलो ११ चे तिघे अंतराळवीर अजून विलगीकरणात होते आणि मोहिमेतल्या बारीकसारीक गोष्टींची त्यांच्याकडून नोंद करून घेणं चालू होतं. इंजिन, इंधन, अवकाशपोशाख असे विषय एकामागून एक होत असताना बझ ऑल्ड्रिन यांनी एक वेगळीच गोष्ट सांगितली. यानात अंधार करून पडलं की डोळ्यांपुढे प्रकाशाचे ठिपके चमकून जात. कधी ठिपका, कधी बारीक रेघ. क्षणभर दिसून नाहीसे होत आणि डोळे मिटलेले असले तरी दिसत.

या नोंदीला कोणत्याही उपकरणाचा आधार नव्हता. यानातल्या एकाही मापकाने काही टिपलं नव्हतं. होता तो फक्त एका माणसाचा शब्द, आणि तोही त्याच्या एकट्याच्या डोळ्याआड घडलेल्या गोष्टीबद्दल. या साऱ्या प्रकरणात मला सर्वांत मोलाचं वाटतं ते हेच, की तो शब्द कोणी ‘भास असेल’ म्हणून बाजूला सारला नाही. अपोलो १२ च्या चमूला निघण्याआधीच लक्ष ठेवायला सांगितलं गेलं, आणि त्यांनाही ठिपके दिसले.

बाहेर उजेड नसताना उजेड दिसणं माणसाला नवं नाही. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात डोळ्यांच्या रोगांचं विस्ताराने वर्णन आहे. तिमिर नावाच्या विकारात रुग्णाला माश्या, डास, केस, जाळी, वर्तुळं दिसतात असं तिथे म्हटलं आहे, आणि पित्ताचा प्रकोप असेल तर सूर्य, काजवे, इंद्रधनुष्य, वीज, मोरपिसासारखे रंग. ही यादी वाचताना राहून राहून जाणवतं की लिहिणाऱ्याने रुग्णांना नीट विचारलं होतं. काय दिसतं, कसं दिसतं, कोणत्या रंगाचं, हे ऐकून घेतल्याशिवाय असं वर्णन होत नाही. श्वेताश्वतर उपनिषदात तर योगसाधनेच्या वाटेवर दिसणाऱ्या रूपांमध्ये धुकं, धूर, अग्नी यांच्याबरोबर काजवा, वीज, स्फटिक आणि चंद्रही आहेत. वैद्याने जे रोगाचं लक्षण म्हणून नोंदवलं, तसंच काही साधकाने प्रगतीची खूण म्हणून नोंदवलं.

ग्रीकांनी यातून वेगळा अर्थ काढला. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकाच्या सुमारास क्रोटोनच्या अल्कमेऑनचं म्हणणं होतं की डोळ्यात अग्नी असतो, कारण डोळ्यावर फटका बसला की तो चमकतो. डोळ्यातून प्रकाश बाहेर पडतो म्हणून आपल्याला दिसतं, ही कल्पना पुढे कित्येक शतकं टिकली. तिच्यामागे हा रोजच्या अनुभवातला पुरावाही होता.

न्यूटनने हा पुरावा स्वतःच्या डोळ्यावर तपासला. १६६५-६६ च्या सुमारास त्याने एक बोथट दाभण डोळा आणि हाड यांच्या मधून जितकी मागे जाईल तितकी सरकवली आणि बुबुळाच्या मागच्या बाजूला दाब दिला. पांढरी, काळी आणि रंगीत वर्तुळं दिसली. दाभण हलवत राहिलं तर ती ठळक दिसत, हात स्थिर ठेवला की फिकट होत. हे त्याने आपल्या वहीत आकृती काढून लिहून ठेवलं. (कोणीही हा प्रयोग करू नये, हे मुद्दाम सांगतो.) पुढे १८१९ मध्ये बोहेमियाच्या यान पुर्किन्ये याने डोळे दाबून, उजेडासमोर बोटं हलवून आपल्याला जे जे दिसलं त्याची चित्रंच छापली. ठिपके, चौकटी, वर्तुळं. या क्षेत्रात पुर्किन्येचं नाव मी सर्वांत वर ठेवीन, कारण ‘मला दिसतं’ या वाक्याला त्याने अभ्यासाचा विषय केलं.

डोळ्यातून खरोखर प्रकाश बाहेर पडतो का, हा प्रश्न एकदा जर्मनीत कायद्याच्या प्रकरणातही आला. रात्री अंधारात मार खाल्लेल्या एका माणसाचं म्हणणं होतं की डोळ्यावर ठोसा बसला तेव्हा जो उजेड पडला, त्यात मी हल्लेखोराला ओळखलं. शरीरशास्त्रज्ञ योहानेस म्यूलर याने हे शक्य नसल्याचं दाखवून दिलं. चेतातंतूला कशानेही डिवचलं, दाबाने, विजेने किंवा प्रकाशाने, तरी दृष्टीचा तंतू मेंदूला ‘उजेड’ एवढंच कळवतो. बाहेर उजेड पडलेला नसतो. विजेचं तर १७५५ मध्येच दिसून आलं होतं. फ्रान्समध्ये शार्ल ल र्वा याने एका अंध तरुणाच्या डोक्याभोवती तार गुंडाळून विजेचा झटका दिला. दृष्टी येईल ही आशा फोल ठरली, पण त्या तरुणाला ज्वाळा दिसल्या. ऑल्ड्रिनच्या नोंदीच्या आदल्याच वर्षी, १९६८ मध्ये, इंग्लंडमधल्या ब्रिंडली आणि लेविन यांनी एका अंध स्त्रीच्या मेंदूतल्या दृष्टिकेंद्रावर ८० इलेक्ट्रोड बसवले, आणि विद्युतप्रवाह सोडला की तिला प्रकाशाचे ठिपके दिसू लागले.

म्हणजे दाब आणि वीज ही दोन कारणं माहीत होती. तिसरं, किरणोत्साराचं, तेही अगदीच अनोळखी नव्हतं. रॉन्टगेनने १८९५ मध्ये क्ष-किरण शोधले तेव्हा ते डोळ्याला दिसत नाहीत असं म्हटलं होतं. वर्षभरातच जर्मनीतल्या हाले इथल्या ब्रांडेसने दाखवलं की काळोखाला सरावलेल्या डोळ्याला त्यांची मंद चमक जाणवते, आणि रॉन्टगेननेही ते मान्य केलं.

अंतराळाचा विचार या बाजूने ज्याने आधी केला तो कॉर्नेलियस टोबायस. मूळचा हंगेरीचा, अमेरिकेत बर्कले इथे काम करणारा. वैश्विक किरणांमधली (म्हणजे अंतराळातून सतत येणाऱ्या अतिवेगवान कणांमधली) जड अणुकेंद्रं वातावरणाच्या वर डोळ्यातून गेली तर माणसाला चमक दिसेल, असं त्याने १९५२ मध्ये लिहिलं होतं. तेव्हा अंतराळात माणूसच काय, उपग्रहही गेला नव्हता. १७ वर्षांनी ऑल्ड्रिनची नोंद आली तेव्हा तिचं काय करायचं हे कुणाला तरी माहीत होतं, ते टोबायसमुळे.

बर्कलेच्या संशोधकांनी मग स्वतःचेच डोळे पणाला लावले. १९७०-७१ मध्ये टोबायस, थॉमस बडिंगर आणि त्यांचे सहकारी काळोखात डोळे सरावून त्वरकातून (कणांना प्रचंड वेग देणाऱ्या यंत्रातून) येणाऱ्या न्यूट्रॉनांसमोर बसले, आणि त्यांना बारीक चांदण्यांसारखे ठिपके दिसले. आज कोणतीही नैतिक समिती याला परवानगी देणार नाही. पण ‘अंतराळवीर थकलेले असतील’ ही शंका या प्रयोगांनी मिटवली.

यानातही आता पद्धतशीर निरीक्षणं सुरू झाली. अपोलो १४ पासून ठरावीक वेळ राखून डोळ्यांवर पट्टी बांधायची आणि चमक दिसली की मोठ्याने सांगायचं. काळोखाला डोळे सरावायला सुमारे २० मिनिटं लागत, त्यानंतर साधारण दर तीन मिनिटांनी एक चमक. ठिपके सर्वांत जास्त, त्याखालोखाल रेघा, आणि क्वचित ढगासारखा पसरट उजेड. रंग बहुतेक पांढराच. अपोलो १५ च्या डेव्हिड स्कॉट यांनी मात्र निळसर झाक सांगितली, निळ्या हिऱ्यासारखी. अपोलो १६ च्या केन मॅटिंगली यांना तर काहीच दिसलं नाही, आणि तेही तितक्याच प्रामाणिकपणे नोंदवलं गेलं.

अपोलो १६ आणि १७ वर यासाठी खास शिरस्त्राण नेलं होतं. डोक्यावर चढवायच्या चौकटीत डोळ्यांच्या समोर आणि बाजूला फोटोग्राफिक इमल्शनच्या, म्हणजे फोटोच्या फिल्मवर असतो तशा लेपाच्या, पट्ट्या होत्या. अणुकेंद्र पट्टीतून गेलं की तिच्यात सूक्ष्म रेघ उमटते, पण ती कधी उमटली हे कळत नाही. त्यासाठी पट्ट्यांचे दोन संच होते. एक स्थिर आणि दुसरा ठरलेल्या अतिशय मंद गतीने सरकणारा. दोन्ही संचांवरच्या रेघांमधलं अंतर मोजलं की कण कोणत्या क्षणी गेला ते निघायचं, आणि तो क्षण अंतराळवीराने ‘दिसली’ म्हटल्याच्या वेळेशी ताडून पाहायचा. काही चमका जुळल्या, सगळ्या नाही. पण कोणाच्या तरी डोळ्याआडचा क्षण आणि बाहेरची नोंद एकमेकांशी ताडून पाहता आली, हे केवढं काम!

वैश्विक किरणांचा अभ्यास आपल्याकडेही जुना. होमी भाभांनी १९३७ मध्ये जर्मन भौतिकशास्त्रज्ञ वाल्टर हाइटलर यांच्यासह वैश्विक किरणांच्या वर्षावाचा सिद्धांत मांडला, आणि त्यांनी उभ्या केलेल्या मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने फुग्यांमधून इमल्शनच्या पट्ट्या आकाशात पाठवल्या. याच संस्थेतल्या सुकुमार विश्वास यांच्या नेतृत्वाखालचा ‘अनुराधा’ हा प्रयोग १९८५ मध्ये चॅलेंजर यानातून अंतराळात गेला. त्याचा विषय डोळा नव्हता, वैश्विक किरणांमधल्या कणांची विद्युतस्थिती हा होता. पण कणाची वेळ काढायची युक्ती तीच होती. प्लास्टिकच्या चकत्यांचा एक थर स्थिर आणि एक सावकाश फिरणारा.

१९७४ मध्ये स्कायलॅब या अमेरिकी अंतराळ स्थानकावर अंतराळवीर विल्यम पोग यांना दक्षिण अटलांटिकवरून जाताना चमका एकदम वाढलेल्या आढळल्या. त्या भागात पृथ्वीचा किरणोत्साराचा पट्टा खाली उतरलेला आहे, त्यामुळे कारणाबद्दलचा संशय आणखी कमी झाला. नंतर मीर स्थानकावर आणि आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरही कण मोजणारी शिरस्त्राणं घालून प्रयोग झाले. स्वीडनचे अंतराळवीर क्रिस्टर फुग्लेसांग यांनी अंतराळवीरांना पाठवलेल्या प्रश्नावलीचे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. उत्तर देणाऱ्या ५९ जणांपैकी ४७ जणांनी चमका पाहिल्या होत्या. काहींची त्यामुळे झोपमोड होत होती.

कण डोळ्यात शिरल्यावर नेमकं काय करतो, याची एकाहून जास्त उत्तरं आहेत. तो दृष्टिपटलाच्या (डोळ्याच्या मागच्या, प्रकाश टिपणाऱ्या पडद्याच्या) पेशींना थेट डिवचू शकतो. किंवा डोळ्यातल्या जेलीसारख्या पारदर्शक भागातून प्रकाशापेक्षा वेगाने जात असेल (त्या पदार्थात प्रकाशाचा वेग कमी झालेला असतो), तर चेरेन्कॉव्ह प्रकाश नावाची निळी चमक खरोखरच निर्माण होते. कर्करोगासाठी मेंदूजवळ किरणोपचार घेणारे कित्येक रुग्ण ‘डोळे मिटले असताना निळा उजेड दिसला’ असं सांगत आले आहेत. २०१९ च्या अखेरीस अमेरिकेतल्या डार्टमथच्या गटाने अतिसंवेदनशील कॅमेऱ्याने उपचार चालू असताना रुग्णाच्या डोळ्यातला हा प्रकाश टिपल्याचं जाहीर केलं. म्यूलरने निकालात काढलेला डोळ्यातला उजेड इथे मात्र खराच निघाला, आणि रुग्णांचं म्हणणंही.

जमिनीवर, उपचाराविना दिसणाऱ्या ठिपक्यांचा वैश्विक किरणांशी सहसा संबंध नसतो, कारण जड अणुकेंद्रं वातावरणातच अडतात. इथे कारणं जवळची असतात. डोळे चोळल्याने किंवा झटकन उठल्याने चमकणारे काजवे निरुपद्रवी. अर्धशिशीच्या आधी चमचमती नागमोडी कड दिसू लागते, ती पसरत जाते आणि बहुधा तासाभरात विरते. इंग्लंडच्या ह्यूबर्ट एअरी याने १८७० मध्ये स्वतःला दिसलेल्या अशा कडांची सुंदर रंगीत चित्रं काढली होती. वयाबरोबर डोळ्यातला जेलीसारखा भाग आकसून दृष्टिपटलाला ओढ बसते, तेव्हा बाजूला विजेसारखी चमक दिसते. अशा चमका अचानक सुरू झाल्या, त्यांच्याबरोबर काळे ठिपके तरंगू लागले किंवा नजरेच्या एका बाजूला पडदा आल्यासारखं वाटलं, तर दृष्टिपटल फाटत किंवा सुटत असण्याची शक्यता असते आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जायला हवं. जाताना एक गोष्ट घरीच पाहून ठेवावी. एकेक डोळा झाकून चमक कोणत्या डोळ्यात आहे ते तपासावं. एकाच डोळ्यात असेल तर कारण बहुधा त्या डोळ्यातच असतं, दोन्हींत सारखी दिसत असेल तर मेंदूकडे पाहावं लागतं. किती वेळ टिकते, कोणत्या बाजूला दिसते, रंग कोणता, हेही लिहून न्यावं. तपासणीत डॉक्टरांचा पहिला प्रश्न तोच असतो.