हवामान बदलाचे प्राथमिक शिक्षण

पृथ्वीचे तापमान का वाढते आहे, त्याने काय काय बदलते आहे आणि माणसे त्यावर कोणते उपाय करत आहेत, हे साधारण ६ ते ११ वर्षांच्या मुलांना त्यांच्या वयाला झेपेल अशा रीतीने शिकवणे. स्वतंत्र विषय म्हणून हे शिक्षण क्वचितच दिले जाते; विज्ञान, भूगोल, परिसर अभ्यास आणि भाषा यांच्या तासांत ते विखुरलेले असते. संयुक्त राष्ट्रांच्या १९९२ च्या हवामानविषयक कराराने (कलम ६) आणि २०१५ च्या पॅरिस कराराने (कलम १२) शिक्षणाची जबाबदारी देशांवर टाकली खरी. पण युनेस्कोने २०२१ मध्ये सुमारे १०० देशांचे अभ्यासक्रम तपासले, तेव्हा जवळपास निम्म्यांत हवामान बदलाचा उल्लेखही नव्हता. अपवादही आहेत. इटलीने सरकारी शाळांत वर्षाला सुमारे ३३ तास या विषयासाठी ठेवण्याचे २०१९ मध्ये जाहीर केले. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्याने २०२० मध्ये तो बालवाडीपासून बारावीपर्यंतच्या अभ्यासक्रमात घेतला, तोही विज्ञानापुरता न ठेवता चित्रकला आणि शारीरिक शिक्षणातसुद्धा.

लहान मुलांच्या दृष्टीने या विषयात दोन अडचणी आहेत. ज्या वायूमुळे (मुख्यतः कार्बन डायऑक्साइड) सगळे घडते तो दिसत नाही, आणि जे घडते ते फार सावकाश घडते. हवामान म्हणजे साधारण ३० वर्षांच्या हवेची सरासरी. आठ वर्षांच्या मुलाला ३० वर्षे म्हणजे आई-बाबांच्या लहानपणाइतकी लांबची गोष्ट. म्हणून व्याख्येने सुरुवात न करता नोंदींनी करणे चांगले. सावलीत, जमिनीपासून दीड मीटरच्या आसपास तापमापक टांगायचा, रोज ठरलेल्या वेळी आकडा वाचायचा आणि तक्त्यावर मांडायचा. काही आठवड्यांत वर्गातूनच प्रश्न येतो : काल तर थंडी वाढली, मग पृथ्वी तापते कशी? हा प्रश्न आला की आजची हवा आणि हवामान यांतला फरक सांगायला जागा होते. त्यानंतर वेधशाळेच्या जुन्या नोंदी दाखवाव्यात आणि प्रत्येक वर्षाला एक पट्टा देऊन थंड वर्षे निळ्या, उष्ण वर्षे लाल छटांनी रंगवून घ्याव्यात. ब्रिटिश शास्त्रज्ञ एड हॉकिन्स यांनी २०१८ मध्ये पुढे आणलेली ही मांडणी आलेख वाचता न येणाऱ्या मुलांनाही समजते. मुलांनी नियमाने घेतलेल्या नोंदी वाया जात नाहीत, याचा दाखला म्हणजे १९९५ पासून चालणारा ‘ग्लोब’ हा आंतरराष्ट्रीय उपक्रम. त्यात शाळकरी मुलांची तापमानाची आणि ढगांची निरीक्षणे शास्त्रज्ञांसाठीही खुली असतात.

प्रयोगांत बर्फाचा प्रयोग सर्वांत सोपा आणि निर्दोष. दोन सारख्या पेल्यांत पाणी घ्यायचे. एकात बर्फाचे खडे तरंगते सोडायचे. दुसऱ्यात पाण्याबाहेर डोके काढलेला दगड ठेवून त्यावर तेवढेच खडे रचायचे. दोन्ही पातळ्यांवर खूण करायची आणि बर्फ वितळण्यापूर्वी प्रत्येकाचा अंदाज वहीत लिहून घ्यायचा. तरंगता बर्फ वितळल्यावर पाणी खुणेवरच राहते. दगडावरचा वितळला की खूण बुडते. ग्रीनलंड आणि अंटार्क्टिकाच्या जमिनीवरच्या बर्फाची एवढी चिंता का, हे मग वेगळे समजावावे लागत नाही. पाणी तापले की प्रसरण पावते आणि त्यानेही समुद्र चढतो, ही भर मात्र शिक्षकाने घालायची.

बरणीच्या लोकप्रिय प्रयोगाबाबत जपून राहावे. एका बरणीत साधी हवा, दुसरीत खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर यांपासून निघालेला कार्बन डायऑक्साइड. दोन्हींवर दिवा धरला की दुसरी जास्त तापते. हा वायू उष्णता धरून ठेवतो, हा निष्कर्ष बरोबर वाटतो, पण कारण चुकते. जड वायू तळाशी साचून राहतो, वरच्या हवेत मिसळत नाही, आणि म्हणून उष्णता बाहेर पडत नाही. उष्णता न शोषणारा आर्गॉन वापरला तरी जवळजवळ तसेच होते, असे भौतिकशास्त्रज्ञांनी दाखवले आहे. कार्बन डायऑक्साइड उष्णता शोषतो हे आयरिश भौतिकशास्त्रज्ञ जॉन टिंडल यांनी १८५९ मध्ये प्रत्यक्ष मोजले. ती गोष्ट रंगवून सांगणे या प्रयोगापेक्षा प्रामाणिक ठरते.

सर्वांत मोठी उणीव आशयातच आहे. प्राथमिक वर्गात हा विषय हळूच घसरून ‘कचरा टाकू नका, झाडे लावा’ यावर येतो. दोन्ही गोष्टी चांगल्याच. पण पृथ्वी तापण्याचे मुख्य कारण कोळसा, तेल आणि नैसर्गिक वायू जाळणे आणि त्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड हे आहे, आणि नेमके तेच वाक्य पाठातून गळते. परिणामी रस्त्यावरच्या कचऱ्याने किंवा ओझोनच्या थराला पडलेल्या ‘छिद्रातून’ ऊन आत आल्याने पृथ्वी तापते, अशी समजूत मुलांत घर करते आणि मोठेपणीही टिकते. कारण सांगायला अवघड नाही. दिव्याच्या बटणापासून तारेतारेने मागे जात वीज कुठे आणि कशापासून तयार होते, याचे चित्र काढायला सांगावे. वाटेत धुराडे येते की पवनचक्की, हे मुलेच शोधतात.

भीतीचा प्रश्न खरा आहे. स्वीडनच्या हवामान-कार्यकर्त्या ग्रेटा थुनबर्ग यांनी हा विषय प्रथम आठव्या वर्षी ऐकल्याचे आणि पुढे त्याने आपल्याला खोल नैराश्य आल्याचे सांगितले आहे. म्हणून चौथीपर्यंत संकटांबद्दल बोलूच नये, असे मानणारा एक पक्ष आहे. तो पूर्ण पटत नाही, कारण पूर आणि वणवे मुले पडद्यावर पाहतातच; शाळा गप्प राहिली तर फक्त खुलासा करणारे कोणी उरत नाही. स्वीडनच्या संशोधक मारिया ओयाला यांनी १२ वर्षांच्या मुलांचा अभ्यास केला (२०१२). स्वतः काहीतरी करून प्रश्न सोडवण्याकडे कल असलेली मुले कृतिशील होती, पण अधिक अस्वस्थही. इतर माणसेही झटत आहेत असा विश्वास असलेली मुले कृतिशील होती आणि समाधानीही. तेव्हा ‘पृथ्वी तुमच्या हाती आहे’ हे समारंभात शोभणारे वाक्य वर्गात टाळलेले बरे. अभियंते, शेतकरी, शास्त्रज्ञ काय करत आहेत ते सांगावे आणि मुलांच्या वाट्याला त्यांच्या आवाक्यातले काम द्यावे.

शिकलेले घरीही पोचते. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यात १० ते १४ वर्षांच्या मुलांना हा विषय शिकवल्यावर त्यांच्या पालकांची हवामानाविषयीची काळजी वाढल्याचे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. मुलींचा प्रभाव अधिक होता, आणि सर्वाधिक बदल झालेल्यांत वडील होते.