पोटॅशियम ब्रोमेट

मैद्यात मिसळले जाणारे ऑक्सिडीकारक रसायन. पाव चांगला फुगावा म्हणून बेकरी व्यवसायात ते दीर्घकाळ वापरले गेले. कर्करोगाच्या संशयामुळे अनेक देशांत त्यावर बंदी असून भारतात ती जून २०१६ मध्ये आली.

मैदा मळताना ग्लुटेन या चिवट प्रथिनाचे जाळे तयार होते. ब्रोमेट त्यातील गंधकयुक्त गटांमध्ये बंध जुळवून जाळे घट्ट करते आणि यीस्टने सोडलेला वायू आत कोंडला जातो. त्याची क्रिया संथ असते. पीठ फुगताना आणि भट्टीत गेल्यावर ती जोर धरते. लादी उंच येते, तिचा पोत मऊ व एकसारखा राहतो.

भट्टीच्या उष्णतेने ब्रोमेटचे निरुपद्रवी ब्रोमाइड होते, मग पावात काहीच उरत नाही, या गृहीतकावर जुने नियम उभे होते. प्रत्यक्षात प्रमाण थोडे चुकले किंवा पाव कच्चा राहिला की अंश शिल्लक राहतो. १९८०च्या दशकात जपानी संशोधकांना पाण्यातून ब्रोमेट दिलेल्या उंदरांच्या मूत्रपिंडात गाठी आढळल्या. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ते ‘२ब’ गटात, म्हणजे माणसात कर्करोग घडवण्याची शक्यता असलेल्या पदार्थांत ठेवले. प्राण्यांमधील पुरावा पुरेसा आहे, माणसांमधील अपुरा.

ब्रिटनने १९९० मध्ये बंदी घातली. अमेरिकेत प्राण्यांत कर्करोग घडवणाऱ्या मिश्रकांना मनाई करणारे १९५८चे डिलेनी कलम असूनही ब्रोमेटला आधीच परवानगी मिळालेली असल्याने ते सुटले. १९९१ मध्ये तेथील अन्न व औषध प्रशासनाने बेकऱ्यांना वापर स्वेच्छेने थांबवण्याचे आवाहन केले. कॅलिफोर्नियाने २०२३ मध्ये कायदा करून १ जानेवारी २०२७ पासून बंदी ठरवली.

भारतात पावासाठी ५० पीपीएमपर्यंत (दशलक्ष भागांत ५० भाग) मुभा होती. मे २०१६ मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटने ब्रेड, पाव, बन, पिझ्झा आदींचे ३८ नमुने तपासले. ८४ टक्क्यांत पोटॅशियम ब्रोमेट किंवा त्याच कामासाठी वापरले जाणारे पोटॅशियम आयोडेट सापडले. सर्वाधिक आकडा २२.५४ पीपीएम, म्हणजे मर्यादेच्या आतच होता. दोष एखाद्या बेकरीपेक्षा मर्यादेचाच होता, हे यातून उघड होते. महिन्याभरात अन्नसुरक्षा प्राधिकरणाने (एफएसएसएआय) ब्रोमेट परवानगीच्या यादीतून वगळले. पोषणमूल्य शून्य आणि एस्कॉर्बिक आम्ल (क जीवनसत्त्व) व विकरे (एन्झाइम) हे पर्याय हाताशी, तेव्हा वडापाव-मिसळीसोबत रोज पाव खाणाऱ्यांना हा धोका पत्करायला लावण्याचे समर्थन होऊच शकत नव्हते. पावातले ब्रोमेट चवीने किंवा वासाने ओळखता येत नाही. बंदीची अंमलबजावणी त्यामुळे नमुने आणि प्रयोगशाळा यांवरच अवलंबून आहे.