लाल रेघ आणि एआय: मराठी मजकूर कुणाला दाखवायचा?

‘मराठी प्रूफ बघायला कोणतं सॉफ्टवेअर घेऊ?’ असं कुणी विचारलं की मी आधी विचारते, चूक दाखवणारं हवंय की मजकूर बदलणारं? शब्दाखाली लाल रेघ ओढणारा स्पेलचेकर आणि ‘हे दुरुस्त करून दे’ म्हटल्यावर अख्खा परिच्छेद नव्याने लिहून देणारा एआय, दोघांना आपण एकाच नावाने ओळखतो. घोळ तिथेच होतो.

लिब्रेऑफिस हे लिहायचं सॉफ्टवेअर आणि फायरफॉक्स हा ब्राउझर, यांतल्या लाल रेघेमागे हन्स्पेल नावाचा स्पेलचेकर असतो. तो मुळात हंगेरियन भाषेसाठी बनला. त्याही भाषेत शब्दाला प्रत्ययांमागून प्रत्यय लागतात. हन्स्पेलजवळ शब्दांची यादी आणि प्रत्ययांचे नियम असतात, बाकी काही नाही. ‘घर’पासून ‘घरासमोरच्यांनाही’पर्यंतची साखळी त्या नियमांत बसली नाही, तर बरोबर शब्दालाही रेघ येते. ते एक वेळ चालेल. उलटा प्रकार जास्त घातक. ‘लग्नात आचार्यांनी जिलब्या तळल्या’ यात ‘आचाऱ्यांनी’ हवं, पण ‘आचार्य’ही खराच शब्द. ‘सह्याद्रीच्या खोल दर्या’ लिहा. हवं ‘दऱ्या’, पण दर्या म्हणजे समुद्र, तोही यादीत सापडतो. रेघ येत नाही आणि आपण निर्धास्त होतो.

एआय शेजारचे शब्द बघतो. जिलब्या दिसल्या की आचारी ओळखण्याची शक्यता बरीच. पण तो नियम उघडून बघत नाही, जे संभवनीय वाटतं ते लिहितो. माझ्या आजीच्या आठवणी मी एकदा अशा तपासायला दिल्या होत्या. तिचं वऱ्हाडी ‘मले काही समजून नाही राहिलं’ परत आलं ते ‘मला काही समजत नाही’ होऊन. एकही अशुद्ध शब्द नव्हता, आणि आजीही नव्हती. फार वाईट वाटलं. मराठी साहित्य महामंडळाच्या शुद्धलेखनाच्या नियमांतही पात्राच्या तोंडी उच्चारानुसार लिहायला मुभा आहे.

म्हणून आता मी एआयला सांगते: ‘मजकुराला हात लावू नकोस. चुकलेला शब्द, दुरुस्ती आणि कारण, एवढीच यादी दे.’ यादीतलं पटेल तेवढं स्वतः टाइप करते. लाल रेघ सगळ्यात शेवटी, कारण दुरुस्त करतानाच ‘मुलाला’चं ‘मूलाला’ होऊन बसतं. एआयकडून अख्खा मजकूर घेतलाच असेल, तर वर्डमधल्या ‘कंपेअर’ने जुना-नवा ताडून बघा, न सांगता बदललेली वाक्यं तिथे उघडी पडतात.

आणखी एक फरक. हन्स्पेल तुमच्याच संगणकावर चालतो, तर बहुतेक एआय सेवांत मजकूर कंपनीच्या सर्व्हरवर जातो. करारनामा, वैद्यकीय अहवाल, दुसऱ्या कुणाचं अप्रकाशित हस्तलिखित असलं काही हाती असेल, तर लाल रेघ आणि एखादा जाणकार माणूस, एवढंच वापरा.