इराणी निर्वासित आणि इराणी आश्रयार्थी: आकडा एक, अर्थ दोन

जर्मनीत २०१५ साली साधारण ५,४०० इराण्यांनी आश्रयासाठी पहिला अर्ज केला. २०१६ मध्ये हाच आकडा २६ हजारांच्या वर गेला. एका वर्षात जवळजवळ पाचपट! हे बघून कुणालाही वाटेल की त्या वर्षी इराणमध्ये काहीतरी भयंकर घडलं असणार. खरं तर २०१६ हे वर्ष तेहरानसाठी त्यातल्या त्यात बरं होतं. अणुकरारानंतर जानेवारीत निर्बंध उठले होते, आणि नवी विमानं, परदेशी कंपन्या यांच्या बातम्या येत होत्या. मग ही उडी आली कुठून? जर्मनीतल्या सरकारी कचेऱ्यांतून. २०१५ मध्ये, मुख्यतः बाल्कन देशांच्या वाटेने, जर्मनीत सुमारे ८ लाख ९० हजार माणसं पोचली, पण त्या वर्षभरात पहिले अर्ज नोंदवून झाले ते जेमतेम ४ लाख ४२ हजार. उरलेल्यांना नोंदणीची तारीखच पुढच्या वर्षाची मिळाली, आणि त्यांत इराणीही होते. माणूस २०१५ मध्ये आला आणि आकड्यात २०१६ मध्ये उतरला.

ही २६ हजार माणसं निर्वासित होती का? नाही. ती आश्रयार्थी होती. त्यांतली काही पुढे निर्वासित ठरली, काही ठरली नाहीत. मराठी बातम्यांत मात्र दोघांनाही सर्रास ‘निर्वासित’ किंवा ‘शरणार्थी’ म्हटलं जातं, आणि तिथून पुढचे सगळे निष्कर्ष घसरतात.

नोंदींच्या भाषेत निर्वासित म्हणजे ज्याचा दावा मान्य झाला आहे असा माणूस. वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, राजकीय मत किंवा एखाद्या सामाजिक गटाशी असलेलं नातं, यांपैकी कशावरून तरी मायदेशी छळ होईल अशी साधार भीती त्याला आहे, ही १९५१ च्या निर्वासित कराराची कसोटी त्याने पार केलेली असते. आश्रयार्थी म्हणजे हाच दावा मांडून निकालाची वाट बघणारा. परत पाठवू नये हे संरक्षण दोघांनाही आहे. निकाल लागेपर्यंत आश्रयार्थ्यालाही विमानात बसवून तेहरानला धाडता येत नाही, निदान कागदावर तरी. इथे कायद्याचा एक बारकावा आहे. करारानुसार मान्यता मिळाल्यामुळे माणूस निर्वासित होत नाही. तो आधीपासूनच निर्वासित असतो, म्हणून त्याला मान्यता मिळते. म्हणजे आजच्या आश्रयार्थ्यांत असंख्य निर्वासित बसलेले असतात, फक्त तसं कुणी अजून म्हटलेलं नसतं.

आकड्यांकडे वळू. पावसाळ्यात कोयनेच्या बातम्या वाचणाऱ्याला साठा आणि आवक यांतला फरक सांगावा लागत नाही. ‘जगभरात इतके इराणी निर्वासित’ हा साठा असतो, आणि ‘या वर्षी इतक्या इराण्यांनी अर्ज केले’ ही आवक. साठ्याला विसर्गही असतो, तो म्हणजे नागरिकत्व. १९८० च्या दशकात स्वीडन, जर्मनी, नेदरलँड्समध्ये आश्रय मिळालेले बहुतेक इराणी पुढे तिथले नागरिक झाले, आणि ज्या दिवशी नागरिक झाले त्या दिवशी निर्वासितांच्या आकड्यातून बाहेर पडले. २०१० च्या दशकाच्या अखेरीस संयुक्त राष्ट्रांच्या नोंदीत जगभरातले इराणी निर्वासित सव्वा लाखाहून थोडे जास्त होते. चार दशकांच्या स्थलांतरानंतर एवढेच? हो, कारण जुने त्यांत नाहीतच. हा आकडा घटला तर इराणमधली परिस्थिती सुधारली असं मुळीच नव्हे. कदाचित त्या वर्षी कुठल्या तरी देशाने बऱ्याच जणांना पासपोर्ट दिले असतील.

शिवाय परदेशातला प्रत्येक इराणी या दोहोंपैकी एकात बसतो असंही नाही. १९७९ च्या क्रांतीच्या आगेमागे लॉस एंजेलिसला गेलेल्या सुखवस्तू कुटुंबांतले अनेक जण साध्या व्हिसावर गेले. त्यांच्या मागून आले ते वेगळे लोक: १९८१ नंतरच्या दडपशाहीतून निसटलेले डावे आणि मुजाहिदीन-ए-खल्क या विरोधी संघटनेचे लोक, बहाई धर्माचे अल्पसंख्याक, कुर्दी, आणि १९८० ते १९८८ च्या इराकयुद्धात सक्तीची लष्करभरती चुकवणारी कोवळी पोरं. ही मंडळी डोंगर ओलांडून तुर्कस्तानात किंवा बलुचिस्तानातून पाकिस्तानात उतरली. पुढे २००९ च्या निवडणुकीनंतरचे पत्रकार आणि कार्यकर्ते आले, आणि २०२२ मध्ये महसा अमिनीच्या मृत्यूनंतर पेटलेल्या आंदोलनातल्या मुली. बाहेर पडण्याच्या कारणांचा हा क्रम स्पष्ट आहे. अर्जांचा आलेख मात्र त्याच्या मागोमाग इमानाने चालत नाही. माझ्या मते अर्जांचा आलेख इराणपेक्षा दुसऱ्या देशांच्या दारांबद्दल जास्त सांगतो.

सर्बियाचं उदाहरण घ्या. ऑगस्ट २०१७ मध्ये पर्यटन वाढावं म्हणून सर्बियाने इराण्यांना व्हिसामाफी दिली. तेहरान ते बेलग्रेड थेट विमानं सुरू झाली. पर्यटक आले, त्यांतले बरेच परत गेले नाहीत, आणि युरोपीय संघाने डोळे वटारल्यावर ऑक्टोबर २०१८ मध्ये सर्बियाने ती सवलत काढून घेतली. त्याच वर्षाच्या शेवटी फ्रान्स आणि ब्रिटन यांमधल्या इंग्लिश खाडीत रबरी होड्या दिसू लागल्या. २०१८ मध्ये असे खाडी ओलांडणारे जेमतेम ३०० होते, पण बहुसंख्य इराणी. २०२१ पर्यंत होड्यांतून उतरणाऱ्यांत इराणीच पहिल्या क्रमांकावर राहिले, आणि त्यांत कुर्दी लक्षणीय. ब्रिटिश वृत्तपत्रांनी त्यांना कधी निर्वासित म्हटलं, कधी ‘बेकायदा स्थलांतरित’. किनाऱ्यावर पाय ठेवून अर्ज केला की ते आश्रयार्थी होते, आणि पुढे त्यांतल्या बहुसंख्यांना होकार मिळून ते निर्वासित झाले. इराणमधल्या सरदश्तहून निघालेलं एक कुर्दी कुटुंब, आईवडील आणि तीन लेकरं, ऑक्टोबर २०२० मध्ये फ्रान्सच्या डंकर्कजवळच्या समुद्रात संपलं. ब्रिटनच्या कुठल्याही यादीत त्यांचा अर्ज नाही.

आश्रयार्थ्याचा निर्वासित होतो तो मुलाखतीच्या खोलीत. बाहेरची इराणी मंडळी फारसीत बोलतानाही या सगळ्या प्रकरणाला ‘केस’च म्हणतात. केस काय आहे, केस कमकुवत आहे, केस पडली. अधिकारी एकच गोष्ट तीनदा विचारतो आणि तारखांतला फरक टिपतो. धर्मांतराच्या केसमध्ये बायबलवर प्रश्न येतात. जर्मनीत आणि स्वीडनमध्ये हजारो इराणी ख्रिस्ती झाले. त्यांतला कोण मनापासून आणि कोण कागदासाठी, हे ठरवायला तिथली न्यायालयं बसतात, आणि मला हा सगळाच प्रकार अवघडलेला वाटतो. श्रद्धेची तोंडी परीक्षा घेणार तरी कशी? युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने मार्च २०१६ मध्ये स्वीडनला एका इराण्याच्या बाबतीत बजावलं की माणूस देश सोडल्यानंतर ख्रिस्ती झाला असला, तरी परत गेल्यावर त्याचं काय होईल हे तपासायलाच हवं. म्हणजे निघताना निर्वासित नसलेला माणूस परदेशात बसल्या जागी निर्वासित होऊ शकतो.

दुसरा मोठा निकाल ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाचा, जुलै २०१० चा. अर्जदारांतला एक समलिंगी इराणी पुरुष होता. आधीच्या न्यायाधीशांचं म्हणणं असं की याने मायदेशी गपचूप राहावं, जपून वागावं, म्हणजे धोका नाही. सर्वोच्च न्यायालयाने ते फेटाळलं: छळाच्या भीतीने आयुष्यभर स्वतःला लपवावं लागणं हेच संरक्षण देण्याचं कारण आहे. एका निकालाने कितीतरी आश्रयार्थ्यांच्या केसेस उभ्या राहिल्या. इराणमध्ये एका अक्षराचाही फरक पडला नव्हता.

आणि नकार मिळाला तर? मग माणूस दोन्ही रकान्यांतून बाहेर पडतो, पण देशातून बाहेर पडतोच असं नाही. जर्मनीत अशांना ‘डुल्डुंग’ नावाचा कागद मिळतो. राहायची परवानगी नाही, पण तूर्त हाकलतही नाही. २०२२ च्या आंदोलनानंतर जर्मनीने इराणला परत पाठवणी थांबवली होती, ती सवलत २०२३ च्या अखेरीस संपली. ऑस्ट्रेलियाची अडचण निराळी होती: सक्तीने परत पाठवलेल्या नागरिकांना इराण वर्षानुवर्षं घ्यायलाच तयार नव्हता. त्यामुळे नाकारलेले इराणी तिथे स्थानबद्धतेत अडकून पडले. अशाच एका इराण्याच्या खटल्यात मे २०२४ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने, म्हणजे त्यांच्या सर्वोच्च पीठाने, सांगितलं की परत जाण्यास तो स्वतः सहकार्य करत नसेल तर त्याला डांबून ठेवणं कायदेशीर आहे.

ऑस्ट्रेलियाच्या बाबतीत तर निर्वासित ठरण्याचाही उपयोग होत नव्हता. जुलै २०१३ मध्ये पंतप्रधान केविन रड यांनी जाहीर केलं की यापुढे होडीने येणाऱ्या कुणालाही ऑस्ट्रेलियात कधीच वसता येणार नाही. माणसं नाउरू या बेटावरच्या देशात आणि पापुआ न्यू गिनीच्या मानुस बेटावर पाठवली गेली, त्यांत इराणी सर्वांत जास्त. तिथे चौकशी होऊन अनेक जण खरे निर्वासित ठरले आणि तरीही तिथेच राहिले. इराणी कुर्दी लेखक बेहरूझ बूचानी सहा वर्षांहून जास्त काळ अडकले होते. नोव्हेंबर २०१९ मध्ये एका साहित्य कार्यक्रमासाठी ते न्यूझीलंडला गेले, आणि जुलै २०२० मध्ये त्यांना तिथेच आश्रय मिळाला.

आश्रयार्थी आणि निर्वासित यांतली रेघ सगळ्यांत धूसर होते ती तुर्कस्तानात. इराण्याला तिथे ९० दिवस व्हिसा लागत नाही. रेल्वेने, बसने, सीमेवरच्या व्हान शहरातून माणूस सहज आत येतो. पण तुर्कस्तानने १९५१ चा करार भौगोलिक अट घालून स्वीकारला आहे. पूर्ण निर्वासित दर्जा फक्त युरोपातून आलेल्यांना. इराणी कितीही अस्सल निर्वासित असला, तरी तो ठरतो ‘सशर्त निर्वासित’, म्हणजे तिसऱ्या देशात पाठवणी होईपर्यंतचा पाहुणा. त्याला इस्तंबूलमध्ये राहता येत नाही. सरकार देनिझली, एस्किशेहिर, कायसेरी असं एखादं शहर ठरवून देतं, तिथे ठरल्या दिवशी कचेरीत जाऊन सही करायची, शहर सोडायचं तर परवानगी काढायची. काम मिळतं ते बहुधा चोरून, कमी मजुरीवर. सप्टेंबर २०१८ पर्यंत संयुक्त राष्ट्रांची निर्वासित संस्था तिथे नोंदणी आणि निर्णय करत असे. त्यानंतर सगळं तुर्की सरकारकडे गेलं.

या माणसांची पुढची पाठवणी मुख्यतः अमेरिका आणि कॅनडाकडे व्हायची. जानेवारी २०१७ मध्ये ट्रम्प यांनी सात देशांवर प्रवेशबंदी घातली, त्यांत इराण होता. अमेरिकेची निर्वासितांची वार्षिक मर्यादा १ लाख १० हजारांवरून घसरत २०२० च्या आर्थिक वर्षासाठी १८ हजारांवर आली. २०२६ साठी ती ७,५०० आहे. देनिझलीतल्या माणसाच्या दृष्टीने याचा अर्थ असा की त्याचा दावा मान्य झालेला आहे, तो आकड्यात ‘निर्वासित’ म्हणून मोजला जातो, आणि त्याचं आयुष्य मात्र आश्रयार्थ्याचंच आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये याच्या उलट प्रकार घडला. अमेरिकेच्या सीमेवर पोचलेल्या काही इराण्यांना, त्यांत ख्रिस्ती झालेलेही होते, आश्रयाचा अर्ज ऐकून न घेताच पनामाला धाडण्यात आलं. अर्जच नाही, तर ते आश्रयार्थीही मोजले गेले नाहीत.

पूर्ण दर्जा मिळाल्यावर मात्र फरक लख्ख असतो. निर्वासिताला प्रवासाचं स्वतंत्र पुस्तक मिळतं, सगळ्या देशांसाठी वैध, फक्त इराण सोडून. बऱ्याच देशांत बायकामुलांना बोलावता येतं, नोकरी उघडपणे करता येते. ब्रिटनमध्ये आश्रयार्थ्याला साधारण वर्षभर कामाची परवानगी मागताही येत नाही. पण निर्वासिताच्या गळ्यात दुसरी दोरी असते. वडील आजारी आहेत म्हणून इराणी वकिलातीतून पासपोर्ट नवा करून तेहरानला जाऊन आला, तर भीती संपली असं धरून दर्जा काढून घेतला जाऊ शकतो.

इंटरनेटवर शोधताना होणारा आणखी एक घोळ सांगून ठेवतो. ‘इराण निर्वासित’ असं शोधलं की बऱ्याचदा लाखांचे आकडे समोर येतात. ते इराणमधले अफगाण असतात. इराण स्वतः जगातल्या सर्वांत मोठ्या यजमान देशांपैकी एक आहे, आणि २०२५ मध्ये त्याने अफगाणांना प्रचंड संख्येने परत पाठवलं.

मराठी वाचकाला इराणी म्हटलं की मुंबईतली बनमस्का-चहाची हॉटेलं आठवतात. त्यांचे बहुतेक मालक इराणच्या याझ्द आणि केर्मान भागांतून आलेले झरतुष्ट्री; ती वस्ती १९५१ च्या कितीतरी आधीची, आणि या दोन्ही रकान्यांच्या बाहेरची. पण मुंबईचा एक खरा संबंध आहे. १९९४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयासमोर एका इराण्याचं प्रकरण आलं. संयुक्त राष्ट्रांच्या संस्थेने त्याला निर्वासित मानलं होतं. न्यायालयाने सांगितलं की त्याला इराणला परत पाठवण्याचा प्रश्नच नाही, आणि त्याला हव्या त्या देशात जाऊ द्यावं. भारताने १९५१ च्या करारावर तेव्हाही सही केलेली नव्हती, आजही नाही. देशात आश्रयाचा वेगळा कायदा नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये लागू झालेला परकीय नागरिकांविषयीचा नवा कायदाही तो दर्जा निर्माण करत नाही. २०१९ च्या नागरिकत्व दुरुस्तीत पारशी आहेत, पण पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तानातून आलेले. इराणमधून आलेले नाहीत. त्यामुळे संयुक्त राष्ट्रांचं ओळखपत्र जवळ असलेला इराणी भारतात राहत असेल, तर इथल्या कायद्याच्या दृष्टीने तो निर्वासितही नाही आणि आश्रयार्थीही नाही. तो परदेशी नागरिक आहे, आणि बाकी सगळं परदेशी नोंदणी कचेरी त्याच्याकडे कसं बघते यावर अवलंबून आहे.