वॉचमनला घरचा वाटलेला पाहुणा

आमच्या मुलुंडच्या सोसायटीत वॉचमनचा हिशेब सोपा आहे. गेटातून येणाऱ्याने रजिस्टरमध्ये नाव लिहायचं. जिन्यावरून उतरणारा घरचाच, त्याला कोण विचारतंय? डार्कनेटवरच्या, म्हणजे इंटरनेटच्या लपलेल्या भागातल्या, साइट्सची गुपितं फुटतात ती बरेचदा अशाच हिशेबापायी.

'टॉर' हे ओळख लपवणारं जाळं. त्यावरची साइट उघडताना आपली विनंती साधारण सहा संगणकांतून फिरते, तीन आपल्या बाजूचे, तीन साइटच्या. साइटला आपला पत्ता कळत नाही, आपल्याला तिचा नाही. इथवर सगळं भक्कम. पण शेवटी साइटच्या मशीनवर बसलेला टॉरचा प्रोग्राम ती विनंती शेजारच्या वेबसर्व्हरला, म्हणजे पानं पुरवणाऱ्या प्रोग्रामला, देतो. वेबसर्व्हरच्या लेखी ती येते १२७.०.०.१ वरून, म्हणजे स्वतःच्याच मशीनवरून. झालं, जिन्यावरून उतरलेला माणूस!

'अपाचे' या वेबसर्व्हरचं एक 'सर्व्हर-स्टेटस' नावाचं पान असतं. कोण कुठलं पान मागतंय, याची ती वहीच. डेबियन आणि उबुंटू या लिनक्स प्रणालींवर ते आपोआप चालू असतं, फक्त त्याच मशीनवरून दिसतं. एरवी एवढी खबरदारी पुरते. टॉरवर मात्र जगातला प्रत्येक पाहुणा 'त्याच मशीनवरचा' ठरतो. २०१६ मध्ये यावर बरीच ओरड झाली.

(कधी तर एवढंही लागत नाही. 'अल्फाबे' हा बेकायदा बाजार २०१७ मध्ये बंद पडला. त्याचा चालक अलेक्झांद्र काझेस याचा खासगी हॉटमेल पत्ता नव्या सभासदांना जाणाऱ्या स्वागताच्या ईमेलच्या हेडरमध्ये, म्हणजे एरवी न दिसणाऱ्या तांत्रिक ओळींत, राहून गेला होता. टॉर बिचारं जागच्या जागी शाबूत.)

परवा घरच्या जुन्या लॅपटॉपवर करून पाहिलं. अपाचे टाकलं, टॉर जोडलं, सेटिंगला हात लावला नाही. ५६ अक्षरांचा ओनियन पत्ता, म्हणजे टॉरवरच्या साइटचा पत्ता, मिळाला. फोनवरच्या टॉर ब्राउझरमध्ये तो टाकून त्यापुढे 'सर्व्हर-स्टेटस' लिहिलं. पान उघडलंच! बायकोच्या शिकवणीची साधी वेबसाइट मी त्याच लॅपटॉपवर चाचणीसाठी ठेवली होती. तिचं नाव तक्त्यात स्वच्छ दिसत होतं. ते पान बंद करायला एक ओळीची आज्ञा पुरते, ती नंतर दिली. पण त्याआधी नजर वर गेली. चालू वेळेच्या शेजारी तीन अक्षरं होती: आयएसटी. भारतीय वेळ.